दहा की वीस? औषधाचा पुरावा शोधायची आणि पारखायची रीत

"दुकानवाला म्हणते हे तं कॅन्सरची गोळी आहे. लेकराले देऊ का?" सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला पहिल्यांदा हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलं की उमरेडपासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही ओपीडीत आई हे विचारू शकते, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. हे औषध रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये खरंच वापरतात. त्याच वेळी समोरच्या डॉक्टरच्या मनात वेगळाच प्रश्न घोळत असतो: द्यायचं किती? वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम आणि कायम तेवढंच, की २० पासून सुरू करून रक्त तपासत तपासत वर न्यायचं? सीनियर एक सांगतात, पुस्तक दुसरं सांगतं, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी तिसराच पेपर टाकलेला असतो.

विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून इथे हाच प्रश्न हाती घेऊ आणि त्याचं उत्तर शोधनिबंधांतून कसं काढायचं ते पाहू. नवे डॉक्टर, नर्सिंग-फार्मसीचे विद्यार्थी आणि घरातल्या आजाराबद्दल स्वतः वाचू पाहणारे लोक, सगळ्यांना ही रीत जमण्यासारखी आहे. औषध दुसरं असलं तरी रीत बदलत नाही.

आधी प्रश्न बांधा

"सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया चांगलं का?" बोलताना हे चालून जातं, पण शोधताना याचा उपयोग नाही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर, हे दोनच शब्द टाकले तर हजारावर निबंध समोर येतात आणि माणूस पहिल्या पानावरचे तीन वाचून थांबतो. ते तीन तिथे का आले, हे त्याला माहीत नसतं.

प्रश्नाचे चार तुकडे करायचे. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, आणि मोजायचा परिणाम कोणता. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला पिको म्हणतात. आपल्या बाबतीत: एसएस प्रकारचा सिकलसेल असलेलं, वारंवार वेदनेचे झटके येणारं सहा वर्षांचं मूल, दर किलोला १० मिलिग्रॅमचा ठरावीक डोस, तुलना २० मिलिग्रॅमशी किंवा वाढवत नेलेल्या डोसशी, आणि परिणाम म्हणजे वर्षभरात किती झटके आले, किती वेळा भरती व्हावं लागलं, किती वेळा रक्त चढवावं लागलं. हे कागदावर लिहून काढा. मनात ठेवलेला प्रश्न शोधता शोधता हळूच बदलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

चौथ्या तुकड्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पुष्कळ निबंधांत परिणाम म्हणून प्रयोगशाळेतला आकडा असतो, आपल्या प्रश्नात फीटल हिमोग्लोबिनची, म्हणजे गर्भात असतानाच्या हिमोग्लोबिनची, टक्केवारी. ती वाढणं चांगलंच. पण आईला मुलाची टक्केवारी नको आहे. रात्री हातपाय धरून रडणारं लेकरू तिला शांत झोपलेलं हवं आहे. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, हे गृहीत धरणं किती महागात पडू शकतं ते हृदयरोगाच्या एका अभ्यासात दिसलं. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा, अनियमित ठोके पडतात ते जास्त दगावतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके दाबतात, हेही माहीत होतं. म्हणून ती दिली जात होती. १९८९ साली कास्ट या चाचणीचे पहिले निष्कर्ष आले. औषध घेतलेल्या ७३० जणांपैकी ५६ दगावले होते, आणि नुसती प्लॅसिबोची, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेतलेल्या ७२५ जणांपैकी २२. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जास्त मरत होती. म्हणून निबंध उघडल्यावर पहिल्यांदा बघा, मोजलंय काय.

प्रश्नाचा प्रकारही ओळखावा लागतो. उपचाराच्या प्रश्नाला रँडमाइज्ड चाचणी लागते, म्हणजे कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली चाचणी. तपासणीच्या प्रश्नाला वेगळा अभ्यास लागतो. सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते आणि तान्ह्या बाळात फसवते. ती किती चुकते हे कळायला त्याच सगळ्या लोकांची एचपीएलसी ही पक्कं निदान करणारी तपासणीही केलेली असायला हवी. उशिरा आणि क्वचित होणाऱ्या दुष्परिणामांसाठी मोठ्या संख्येच्या लोकांवर वर्षानुवर्षं ठेवलेली नजर लागते. आईचा कॅन्सरचा प्रश्न या शेवटच्या प्रकारात मोडतो. डोसचा प्रश्न पहिल्या प्रकारातला.

शोध वरून खाली

एकेक निबंध गोळा करायला लगेच बसू नका. हे काम कुणीतरी आधी केलंय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटना, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राष्ट्रीय सिकलसेल कार्यक्रम यांच्या मार्गदर्शक सूचना आधी उघडा. मग कॉक्रेन लायब्ररी. १९९३ पासून काम करणारी ही संस्था एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, पारखून, एकत्र मांडते. सिकलसेलमधल्या हायड्रॉक्सियुरियावर त्यांचा आढावा आहे. त्याचा सारांश आणि सर्वसामान्यांसाठीचा सोपा गोषवारा मोफत वाचता येतो. त्यात शेवटचा शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला होता ते आवर्जून बघा. त्या तारखेनंतरच्या चाचण्या आपल्याला स्वतः शोधाव्या लागतात.

आता पबमेड. इथे तीन-चार बारीक गोष्टी अडवतात. पहिली, एका औषधाची दोन नावं. ब्रिटिश नियतकालिकं हायड्रॉक्सियुरियाला हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द 'ऑर'ने जोडून कंसात टाका. आजाराचे शब्दही तसेच एका कंसात, ॲनिमियाची ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगं धरून. मग दोन्ही कंस 'अँड'ने जोडा. हे जोडशब्द रोमन कॅपिटल अक्षरांत लिहा. दुसरी गोष्ट, अवतरणचिन्हं. साधे शब्द टाकले की पबमेड ते आपोआप 'मेश' या विषयसूचीतल्या शब्दांशीही जोडून घेतं; अवतरणचिन्हांत टाकले की ती जोडणी बंद पडते आणि चांगले निबंध निसटतात. आपल्या शोधाचं पबमेडने नेमकं काय केलं ते ॲडव्हान्स्ड पानावर, शोधाच्या इतिहासात, तपशील उघडून दिसतं. तो एकदा उघडून पाहायची सवय लावा. तिसरी गोष्ट, डावीकडची फिल्टरं. वय, मानव, चाचणीचा प्रकार ही फिल्टरं त्या निबंधाची सूची झाली असेल तरच नीट चालतात, त्यामुळे अगदी ताजे निबंध त्यांत गळू शकतात. घाईच्या वेळी क्लिनिकल क्वेरीज हे पान वापरा. तिथे उपचार, निदान असा प्रश्नाचा प्रकार निवडला की चाळणी तयार मिळते.

शोध बसला का हे तपासायची सोपी खूण आहे. विषयावरचा एखादा पक्का निबंध आधीच माहीत असतो. तो यादीत आला नाही तर शब्द चुकलेत. बसलेला निबंध सापडला की त्याच्या पानावरचे 'याच्यासारखे' आणि 'याचा उल्लेख करणारे' हे दुवे उघडा. पुष्कळदा खरी कमाई तिथेच होते.

पूर्ण निबंध पैशाच्या कुलपात असेल तर पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी बघा. सरकारी महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना विचारा; २०२५ च्या जानेवारीपासून केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. काहीच जमलं नाही तर निबंधाखाली ज्याचा ईमेल आहे त्या लेखकाला दोन ओळी लिहा. बरेच लेखक आनंदाने प्रत पाठवतात. मात्र नुसत्या सारांशावरून मुलाचा डोस ठरवू नका. दुष्परिणाम आणि मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशोब सारांशात बहुधा नसतो.

आणि चॅटबॉट. तो संदर्भ देतो तेव्हा लेखक, वर्ष, नियतकालिक सगळं खरं वाटतं, पण तो निबंध कुठे अस्तित्वातच नसतो असंही होतं. शीर्षक पबमेडमध्ये टाकून तो मिळतो का ते बघितल्याशिवाय एकही संदर्भ पुढे पाठवू नका. निबंध मागे घेतला असेल तर पबमेड वर ठळक पट्टी दाखवतं, तीही बघा. २०२० च्या मे महिन्यात कोविडसाठीच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर लॅन्सेट या नियतकालिकात ९६,०३२ रुग्णांचा म्हणून एक निबंध आला आणि जगभर चाचण्या थांबल्या. दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहिती कुणालाच तपासू दिली गेली नाही.

तीन चाचण्या, तीन उत्तरं?

आपल्या शोधात तीन चाचण्या वर येतात. पहिली घरचीच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली, म्हणजे आपल्या मेडिकलमधली, २०१२ साली 'हिमोग्लोबिन' या नियतकालिकात छापलेली. तीव्र त्रास असलेली ६० मुलं, निम्म्यांना दर किलोला १० मिलिग्रॅमचा ठरावीक डोस, निम्म्यांना प्लॅसिबो, १८ महिने. औषध घेणाऱ्यांचे झटके चांगलेच कमी झाले.

दुसरी युगांडातली, २०२० ची. १८७ मुलं. एका गटाला २० च्या आसपासचा ठरावीक डोस, दुसऱ्या गटाचा डोस वाढवत वाढवत सरासरी ३० च्या जवळ नेला. ठरवलेलं रक्ताचं उद्दिष्ट वाढत्या डोसच्या ८६ टक्के मुलांनी गाठलं, ठरावीक डोसच्या ३७ टक्के मुलांनी. झटकेही कमी झाले.

तिसरी नायजेरियातली, २०२२ ची, २२० मुलांची. १० विरुद्ध २०. दोन्ही गटांत पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

ग्रुपवर भांडण इथेच पेटतं. एक म्हणतो दहा पुरे, दुसरा म्हणतो तीसपर्यंत न्या, तिसरा म्हणतो काही फरक पडत नाही. आता लिहून ठेवलेला कागद काढा आणि चार तुकडे तिन्हींवर ठेवून बघा. मेडिकलच्या चाचणीत तुलना प्लॅसिबोशी आहे. १० मिलिग्रॅम काहीच न देण्यापेक्षा चांगलं, एवढंच ती सांगते. २० पेक्षा बरं की कमी, हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही. नायजेरियाच्या चाचणीत १० विरुद्ध २० अशी थेट तुलना आहे, पण रुग्ण वेगळे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या डॉप्लर तपासणीत धोका दिसलेली मुलं, आणि मुख्य परिणाम पक्षाघात. झटक्यांबद्दलचं उत्तर तिथे शोधायचं तर दुय्यम परिणामांच्या तक्त्यात जावं लागतं. युगांडाची चाचणी डोस वाढवण्याबद्दलच आहे, पण तिथे खालचा डोससुद्धा २० चा. म्हणजे तीन उत्तरं एकमेकांच्या विरोधात नाहीत. प्रश्नच तीन होते.

मग पारख. चिठ्ठी खरंच टाकली का, आणि पुढची चिठ्ठी कोणती येणार हे भरती करणाऱ्याला आधी कळू शकत होतं का? कळत असेल तर नकळत बरी मुलं एका गटात जातात. औषध कोणतं हे मुलाला, पालकांना, डॉक्टरला माहीत होतं का? मृत्यू मोजताना याने फारसं बिघडत नाही. वेदना मोजताना पुष्कळ बिघडतं, कारण आपण औषधावर आहोत हे कळलं की वेदना सांगण्यातही फरक पडतो. मेडिकलची आणि नायजेरियाची चाचणी दोन्ही बाजूंनी झाकलेली होती. ही त्यांची मोठी जमेची बाजू. पुढे, किती जण मधूनच गळाले आणि त्यांना हिशोबात ज्या गटात घातलं होतं त्याच गटात धरलं का? गळणाऱ्यांची संख्या झटके आलेल्यांपेक्षा जास्त असेल तर निष्कर्ष डळमळीत आहे.

चाचणी वेळेआधी थांबली का, हेही विचारा. युगांडाची थांबवली, कारण वाढत्या डोसच्या गटात त्रास स्पष्ट कमी दिसू लागला. नायजेरियाची थांबवली, कारण पुढे चालवून फरक दिसण्याची आशा उरली नव्हती. पहिल्या प्रकारात फायदा आहे त्यापेक्षा थोडा मोठा दिसण्याचा धोका असतो. दिशा बहुधा बरोबर असते, आकडा जरा कमी धरावा. शिवाय युगांडाचं मुख्य उद्दिष्ट रक्तातला आकडा होतं. कास्टची आठवण ठेवून बघायचं ते हे की झटके, भरती, रक्त चढवणं हेही त्याच दिशेने गेले का. इथे ते गेले, म्हणून विश्वास बसतो.

भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय या नोंदवहीत तिची नोंद उघडा. जून २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे. सुरुवातीला लिहिलेला मुख्य परिणाम आणि छापलेल्या निबंधातला मुख्य परिणाम जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर जे चांगलं दिसलं ते पुढे आणलं असण्याची शक्यता असते.

आकड्यांशी झटापट

"मृत्यू २० टक्क्यांनी घटले" हे वाक्य अर्धवट आहे. १९८८ च्या आयसिस-२ या चाचणीत हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांपैकी निम्म्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिलं. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ॲस्पिरिनच्या गटात ९.४ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. वजाबाकी करा: २.४. हा खरा फरक. २.४ ला ११.८ ने भागलं तर २० टक्के, ही झाली जाहिरातीतली भाषा. १०० ला २.४ ने भागलं तर सुमारे ४२. म्हणजे ४२ जणांना ॲस्पिरिन दिलं तर एकाचा जीव जादा वाचतो. ओपीडीत सांगायला आणि ऐकायला हाच आकडा कामाचा. धोका मुळातच कमी असेल, समजा ११.८ ऐवजी १.१८ टक्के, तर तेच "२० टक्के" ४०० पेक्षा जास्त लोकांना औषध दिल्यावर एकाला वाचवतात.

त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशींप्रमाणे वाटणी करून बघितली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा दिसला! राशीचा ॲस्पिरिनशी संबंध नाही. पुरेसे तुकडे पाडले की एखादा तुकडा योगायोगाने उलटा पडतोच, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून "मुलींमध्ये जास्त परिणाम", "अमुक वयात परिणाम नाही" अशी वाक्यं वाचली की विचारा: ही विभागणी आधी ठरली होती की आकडे हाती आल्यावर?

कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे उत्तर किती सैल आहे त्याचं माप. समजा निबंध म्हणतो धोका ०.५ पट झाला, इंटरव्हल ०.२ ते १.३. खालच्या टोकाला धोका एक पंचमांशावर येतो, वरच्या टोकाला तो वाढतोच. असा निबंध "निम्म्याने घटतो" म्हणत नाही, "अजून सांगता येत नाही" म्हणतो. छोट्या चाचण्यांत हे सारखं घडतं.

आपल्या रुग्णाला लागू का?

युगांडातल्या मुलांची जनुकीय घडण वेगळी. आपल्याकडे बहुतांशी अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय संच), ज्यात फीटल हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. म्हणून आफ्रिकेतला आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही आणि मेडिकलच्या ६० मुलांच्या चाचणीचं मोल इथे वाढतं. दुसरी अडचण साधी, हिशोबाची. मूल १८ किलोचं. दहाने १८० मिलिग्रॅम, विसाने ३६०. दुकानात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० ची. डोस वाढवत न्यायचा तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स ठरावीक अंतराने तपासाव्या लागतात. कोरचीहून गडचिरोलीला यायला दिवस मोडतो अशा घराला ते झेपेल का? झेपत असेल तर वाढत्या डोसच्या बाजूने पुरावा आहे. झेपत नसेल तर दहाचा ठरावीक डोसही काहीच न देण्यापेक्षा नक्की चांगला, आणि त्याचा पुरावा नागपुरातलाच आहे.

राहिला आईचा प्रश्न. ६० मुलांच्या चाचणीत औषध ३० जणांनाच मिळालं. तीस जणांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत तो असू शकतो. ही अंदाजाची पक्की रीत आहे. म्हणून कॅन्सरचं उत्तर अशा चाचणीत शोधायचंच नाही. अमेरिकेत १९९५ साली छापलेल्या २९९ प्रौढांच्या चाचणीतल्या रुग्णांवर पुढे साडेसतरा वर्षांपर्यंत नजर ठेवली गेली. औषधाने कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही. रक्तपेशी कमी होणं मात्र खरं आहे, आणि तेवढ्यासाठीच तपासणी.

तिला असं सांगता येतं: "ताई, हे औषध कॅन्सरमध्येही देतात, पण याने कॅन्सर होतो असं इतक्या वर्षांत दिसलं नाही. पोराचं दुखणं याने कमी येईल. फक्त सांगितलेल्या तारखेला रक्त तपासायला या. आणि मधात ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन या."